समुदाय म्हणजे नक्की कोण?

25 ऑक्टोबर 2022. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि मध्ये खंडग्रास सूर्यग्रहण. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतल्या तीन गच्च्यांवर मिळून चाळीसेक माणसं होती. ग्रहणाचे चष्मे या हातातून त्या हातात फिरत होते. सूर्य ग्रासलेलाच मावळला आणि सगळे खाली उतरले.

ही चाळीस माणसं म्हणजे समुदाय का? प्रश्न फुकटचा नाही. माझ्या संशोधन आराखड्यात मी ‘हौशी निरीक्षकांचा समुदाय’ असं ठोकून दिलं होतं. गाईडनी खाली रेघ मारून विचारलं, ‘म्हणजे कोण?’ उत्तर नसेल तर त्यांच्या नोंदी विदा म्हणून वापरायच्या कशा?

सोपं उत्तर म्हणजे संस्था. पुण्यात 22 ऑगस्ट 1944 रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. हौशी खगोल अभ्यासकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. घटना, वर्गणी, सभासदांची यादी, मोजायला सोयीचं. पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण राधागोविंद चंद्र.

बंगालमधल्या जेसोरचा हा माणूस मॅट्रिक नापास, सरकारी खजिन्यात नोकरीला. जून 1918 मध्ये गरुड तारकासमूहात अचानक उजळलेला नवतारा त्याने स्वतःहून टिपला आणि नोंदी हार्वर्डला पाठवल्या. पुढे रूपविकारी तारे पाहणाऱ्या अमेरिकन संघटनेने (स्थापना 1911) त्याला सामील करून घेतलं. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते. शेजारच्या, तेज माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून आकडा ठरवायचा, वेळ लिहायची, पाठवायचा. बस्स. चंद्रांनी असे 37 हजारांहून अधिक आकडे पाठवले. संघटनेने 1926 मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. तीच पुढे नैनितालला वेणू बाप्पूंकडे गेली. (हे बाप्पू हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या अंगणात वाढलेले, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच संस्थानातले!)

हा माणूस आपल्या गच्चीवर बहुतेक एकटाच. तरी तो समुदायात होता आणि आमच्या गच्चीवरचे चाळीस जण नव्हते. माझ्या मते फरक इतकाच की चंद्रांचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवता येत होता, चुकला तर चुकला म्हणून दिसत होता, आणि ते थांबल्यावरही कुणाला तरी तो लागणार होता. ओळखपाळख, गप्पा, चहा हे सगळं हवंच, पण ते नसतानाही समुदाय असू शकतो. आराखड्यात आता मी ‘सभासद’ काढून ‘ताडून पाहता येईल अशी नोंद करणारे’ असं लिहिलंय. गाईड अजून पूर्ण पटलेले नाहीत. संस्था नसेल तर तुलनेचे तारे कोण ठरवणार, हा त्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नाही.

माझी आठवीतली वही परवा सापडली. ययातीतल्या अल्गॉलपुढे लिहिलंय, ‘आज फारच मंद!’ हा तारा दर 2 दिवस 21 तासांनी मंदावतो, म्हणजे पाहिलं होतं खरं. पण ना तारीख, ना वेळ, ना तुलनेचा तारा.

ग्रहणाच्या दिवशी शेजारच्या काकांनी मात्र कॅलेंडरच्या चौकटीत स्पर्शाची वेळ लिहून ठेवली होती. मी बाकीच्या दोन्ही गच्च्यांवर विचारून आलो. कुणीच लिहिली नव्हती.