पानिपत आणि पाँडेचरी : एकाच आठवड्याचा इतिहास



पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१, हा दिवस महाराष्ट्रात कोणास सांगावा लागत नाही. आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पानिपत शिकविले. परंतु त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी पूर्वकिनाऱ्यावरील पाँडेचरी हे फ्रेंचांचे बंदर इंग्रजांच्या हाती गेले, हे आम्ही मुलांस कधी सांगितले नाही. ती उणीव येथे भरून काढीत आहो.

इंग्रज व फ्रेंच यांचे वैर जुने. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले. १७४८ साली इंग्रजांनी पाँडेचरीस घातलेला वेढा फसला. १७५८ साली फ्रेंच सेनापती लाली याने पैशासाठी तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांवर चाल केली; परंतु तंजावर त्याच्या हाती लागले नाही. पुढे त्याने मद्रासला घातलेला वेढाही फेब्रुवारी १७५९ मध्ये इंग्रजांची जहाजे येताच उठवावा लागला. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे कूट या इंग्रज सेनानीने त्याचा पराभव केला आणि त्याच वर्षी पाँडेचरीस वेढा घातला. जमिनीवर कूटची फौज, समुद्रात इंग्रज आरमार. धान्याची दोन्ही दारे बंद झाली.

नोव्हेंबरात लालीने सुमारे १४०० रहिवाशांस, बहुतेक एतद्देशीयांस, शहराबाहेर घालविले. इंग्रज त्यांस पुढे जाऊ देईनात, फ्रेंच मागे घेईनात. दोन्ही सैन्यांच्या मध्ये ते अभागी जीव कित्येक दिवस गवताची मुळे खाऊन राहिले. अखेर कूटने त्यांस वाट दिली. नववर्षाच्या रात्री वादळाने इंग्रजांची जहाजे बुडून सुमारे ११०० माणसे प्राणास मुकली. तथापि थोड्याच दिवसांत आरमाराने समुद्र पुन्हा अडविला. १६ जानेवारीस इंग्रज शहरात शिरले. १७६३ च्या तहाने बंदर फ्रेंचांस परत मिळाले, पण त्यांची सत्ता पुन्हा उभी राहिली नाही. लालीस तर १७६६ साली पॅरिसमध्ये देहदंड झाला.

आता पानिपताकडे पाहावे. तेथेही नोव्हेंबरापासून मराठ्यांची रसद तुटली होती, आणि उपाशी सैन्य अखेर रणात उतरले. उत्तरेत व दक्षिणेत, एकाच आठवड्यात, तलवारीपूर्वी भुकेने निकाल लावला होता. एका पराभवाने मराठ्यांचा जोर काही काळ खचला, दुसऱ्याने इंग्रजांचा युरोपीय प्रतिस्पर्धी दूर झाला. या दोहोंचा लाभ कोणास झाला, हे पुढील इतिहास सांगतो.

आम्ही १९७२ च्या दुष्काळात याच सोलापूर जिल्ह्यात शाळेत वाटलेली सुकडी खाल्ली आहे. म्हणून सेनापतींच्या नावांपेक्षा ते १४०० निनावी लोक आमच्या मनास अधिक जवळचे वाटतात. भांडण परक्यांचे होते, उपवास मात्र आपल्या लोकांस घडला. घरातील मुलांस सनावळी अवश्य पाठ करवावी. परंतु तिच्याबरोबर ही भूकही सांगावी, एवढीच विनंती.