दप्तर कोणाचें?

पुणें शहरांत पेशवे दप्तराची दगडी इमारत आहे. तिच्या दालनांत मोडी लिपींतील कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि राज्याबरोबर राज्याचें दप्तरही इंग्रजांच्या हातीं गेलें. गांवांचा वसूल, इनामें, वतनें, देवस्थानांच्या नेमणुका, फौजेचा खर्च, न्यायाचे निवाडे, असें सारें त्यांत होतें. ज्यांच्या वाडवडिलांचीं नांवें त्या कागदांवर होतीं, ते लोक त्याच शहरांत व आसपासच्या खेड्यांत राहत होते. परंतु रुमालाची गांठ सोडण्याचा अधिकार त्यांस नव्हता.

इंग्रज सरकारच्या दृष्टीनें तें दप्तर म्हणजे राज्यकारभाराचें एक हत्यार होतें. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें इनामदारांचे हक्क तपासले, तेव्हां पुरावा सरकारी दप्तरांत आणि तो तपासणारा अधिकारीही सरकारीच, अशी स्थिति होती. जुने कागद खुले केले तर मिटलेले दावे पुन्हां उभे राहतील, ही भीति सरकारास पुढेंही पुष्कळ वर्षें वाटत राहिली. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांस रोजनिशांतील निवडक उतारे घेतां आले व त्यांवर १९०० सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं विवेचन केलें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं मात्र सरकारी दाराशीं न थांबतां गांवोगांवच्या वाड्यांतून कागद गोळा केले व १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. सरकारी दप्तरांतील निवडक कागद छापण्याचें मोठें काम १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून झालें व त्याचे ४५ खंड निघाले. पेशवाई बुडून तेव्हां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कागद पाहावयास मिळाला, तो कृपा म्हणून मिळाला. मागणारानें आपण कोण, कागद कशासाठीं पाहणार, त्यांतून काय काढणार हें सांगावें, आणि सरकारास पटलें तर दार उघडावें. इतिहासाच्या अभ्यासकास ही वाट कितीही लांबली तरी कशीबशी चालतां येई. कारण त्याचा विषय होऊन गेलेल्या माणसांचा होता. परंतु ज्याची आजची मजुरी, आजचा शिधा, आजची जमीन कागदांत अडकली आहे, त्यानें शंभर वर्षें कसें थांबावें?

या प्रश्नाचें पहिलें कायदेशीर उत्तर स्वीडन देशानें दिलें. पुण्यास थोरले माधवराव पेशवे गादीवर होते, त्याच काळांत, म्हणजे २ डिसेंबर १७६६ रोजीं, स्वीडनमध्यें मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्याच्या मागें आंडर्स शिडेनियस नांवाच्या धर्मोपदेशकाची खटपट होती. नुसती छापण्याची मोकळीक देऊन भागत नाहीं. ज्याविषयीं लिहावयाचें तो सरकारी कागदही नागरिकास मिळाला पाहिजे, हें तत्त्व त्या कायद्यांत आलें. पण १७७२ सालीं तेथील राजानें सत्ता आपल्या हातीं घेतली आणि थोड्याच वर्षांत त्या मोकळिकीस कात्री लागली. हक्क लिहिला गेला म्हणजे टिकतोच असें नाहीं, हा धडा त्या पहिल्याच कायद्यानें जगास दिला.

भारतांत तर प्रवाह उलट दिशेनें चालला होता. १९२३ सालीं सरकारी गुपितांचा कायदा झाला. शत्रूच्या हेरांपासून किल्ले, नकाशे व लष्करी खुणा राखणें हा हेतु योग्यच होता. परंतु त्यांतील पांचव्या कलमाची भाषा इतकी ऐसपैस होती कीं, कचेरींतला साधा कागदही त्याच्या धाकानें झांकून ठेवितां येई. १९४७ सालीं राज्य बदललें. कायदा राहिला आणि कचेऱ्यांची संवयही राहिली.

त्या संवयीस पहिला धक्का न्यायालयानें दिला. १९७५ सालीं राजनारायण यांच्या खटल्यांत पंतप्रधानांच्या दौऱ्यांतील संरक्षणव्यवस्थेची पुस्तिका न्यायालयापुढें आणावी कीं नाहीं, असा वाद होता. त्या निकालांत न्यायमूर्ति मॅथ्यू यांनीं सांगितलें कीं, सत्ताधाऱ्यांचीं सार्वजनिक कृत्यें जाणून घेण्याचा हक्क लोकांस आहे. १९८१ सालीं न्यायाधीशांच्या नेमणुकीसंबंधींच्या खटल्यांत न्यायमूर्ति भगवती यांनीं मोकळेपणा हा नियम व गुप्तता हा अपवाद असल्याचें प्रतिपादिलें. तत्त्व सांगून झालें. परंतु तें तत्त्व घेऊन तहसील कचेरींत गेलेल्या माणसास कोणता कागद, कोणीं, किती दिवसांत द्यावा, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

हें उणें भरून काढण्यास राजस्थानांतील मजूर पुढें आले. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या हातीं किमान मजुरीहूनही कमी पैसे पडत. विचारलें तर उत्तर ठरलेलें असे: कागदावर तुमचें काम तेवढेंच भरलें आहे. कागद दाखवा म्हटलें, तर तो गुप्त! १९९० च्या मे महिन्यांत भीम येथें मजदूर किसान शक्ति संघटनाची स्थापना झाली. सरकारी सेवा सोडून आलेल्या अरुणा रॉय, तसेंच निखिल डे व शंकर सिंह हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांत होते. २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतील कोट किराना गांवीं पहिली जनसुनावणी भरली. हजेरीपटांतील नांवें व खर्चाचीं बिलें सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्यांत आलीं. जीं माणसें कामावर गेलींच नव्हतीं त्यांच्या नांवें मजुरी उचललेली होती. कागदावर पुऱ्या झालेल्या इमारतीस प्रत्यक्षांत छप्पर नव्हतें. हें ओळखण्यास कोणी पंडित लागला नाहीं. नांव वाचतांच तें माणूस कोण व तें कोठें होतें, हें सारा गांव जाणत होता.

१९९५ च्या एप्रिलमध्यें मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत अशा कागदांच्या नकला देण्याचें आश्वासन दिलें. वर्ष लोटलें, तरी नकला मिळेनात. तेव्हां ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरांत धरणें सुरू झालें, तें ४० दिवस चाललें. सरकारनें पुढें केलेली एक तडजोड अशी होती कीं, कागद पाहावा, हातानें टिपून घ्यावा. छायाप्रत मात्र मिळणार नाहीं. मजुरांनीं ती मानली नाहीं. आणि तें बरोबरच होतें. हातानें टिपलेली नोंद हा मागणाराचा शब्द असतो; अधिकृत नक्कल हा सरकारचा स्वतःचा शब्द असतो.

ही मागणी मग देशभर पसरली. न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालीं वृत्तपत्र परिषदेनें कायद्याचा मसुदा तयार केला. १९९७ सालीं तामिळनाडू व गोवा या राज्यांनीं आपापले कायदे केले. महाराष्ट्रांत २००० सालीं झालेला कायदा तोकडा ठरला. अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर २००२ सालीं अधिक चांगला कायदा आला व त्यास ऑगस्ट २००३ मध्यें राष्ट्रपतींची संमति मिळाली. संसदेनें २००२ सालीं केलेला पहिला कायदा तर अमलांत आलाच नाहीं. अखेर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं देशांत पूर्णपणें लागू झाला.

या कायद्याच्या सहाव्या कलमांत एक लहानसें वाक्य आहे. माहिती मागणारास कारण विचारतां येणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. पेशवे दप्तराच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या अभ्यासकाची स्थिति आठवली, म्हणजे या वाक्याची किंमत कळते. कशासाठीं हवें, हा प्रश्नच गेला आणि त्याबरोबर कृपाही गेली. केंद्र सरकारच्या कचेरींत अर्जास १० रुपये फी. दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही नाहीं. उत्तराची मुदत ३० दिवस. जीवित वा स्वातंत्र्य यांचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर न आल्यास त्याच खात्यांतील वरिष्ठाकडे पहिलें अपील व त्यानंतर माहिती आयोगाकडे दुसरें. सबळ कारणावांचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तींत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड. माणसास स्वतःविषयींचा कागदही याच वाटेनें मिळतो. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. परीक्षकाची लाल शाई हीही अखेर सरकारी दप्तरांतलीच नोंद होय.

तथापि प्रत्येक कागद प्रत्येकास द्यावा असें कायदा म्हणत नाहीं. देशाची सुरक्षितता, चालू तपास, परराष्ट्रांनीं विश्वासानें दिलेली माहिती, यांस आठव्या कलमांत अपवाद आहेत. व्यक्तीच्या खाजगी जीवनासही तेथें संरक्षण आहे. दुसऱ्याच्या आजाराचा कागद शेजाऱ्यानें कां वाचावा? मूळ कलम असें होतें कीं, सार्वजनिक कामाशीं संबंध नसलेली खाजगी माहिती देण्याचें बंधन नाहीं. मात्र जी माहिती संसदेस नाकारतां येत नाहीं ती नागरिकासही नाकारूं नये. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानें या अटी काढून सरसकट वैयक्तिक माहितीसच अपवाद केलें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें तो बदल अमलांत आला. मोठें लोकहित दिसल्यास माहिती द्यावी, हें निराळें पोटकलम कायम आहे. परंतु तें लोकहित दाखवून देण्याचा भार पुष्कळदां मागणारावरच पडणार.

खाजगीपणा हाही माणसाचा हक्क आहे व तो लहान नाहीं. पण कोट किराना येथें जें वाचलें गेलें तें काय होतें? तीं माणसांचीं नांवेंच होतीं. नांवें झांकलेला हजेरीपट वाचला असता, तर न राबलेल्या हातांवर मजुरी कोणीं उचलली हें त्या गांवास कळलें नसतें. ज्या नोंदीवर सार्वजनिक पैसा खर्च झाला, ती नोंद त्या माणसाचीही असते आणि गांवाचीही असते. हीं दोन्ही नातीं एकाच कागदावर सांभाळणें हें यापुढचें अवघड काम आहे.

पेशवे दप्तराचे रुमाल सुटण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. कोट किरान्याच्या हजेरीपटास तितका धीर नव्हता. नव्या नियमांखालीं मजुराचा अर्ज कचेरींत येईल, तेव्हां कारण विचारण्याची जुनी संवय दुसऱ्या नांवानें परत येते कीं काय, हें नागरिकांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे.