काविळीचं पथ्य आणि क्योटोचे सैनिक

आमच्या पोशेऱ्यात काविळीचं पथ्य लहान पोरांनाही पाठ असतं. तेल बंद, डाळ बंद, भाताची पेज प्यायची आणि पडून राहायचं. काकाला हेपटायटिस बी होता, त्यातून लिव्हर सिऱ्होसिस झाला, तेव्हा आम्ही तेच केलं. डोंगरउतारावर दिवसभर नागली लावणारा माणूस सहा महिन्यांत इतका वाळला, की खाटेवरून उठताना हात द्यावा लागायचा.

मला वाटायचं, हे आपल्याकडचंच अज्ञान. वाचत गेलो तर कळलं, मोठमोठे डॉक्टरही हेच सांगत होते.

कोरियन युद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये कावीळ पसरली. उपचार म्हणजे सक्तीची विश्रांती, त्यामुळे धडधाकट पोरं खाटेवर अडकून पडली. थॉमस चाल्मर्स या डॉक्टरानं जपानमधल्या क्योटोच्या लष्करी इस्पितळात सरळ परीक्षाच घेतली. काही सैनिक खाटेवर, काही वॉर्डात मनासारखे हिंडते, फक्त जेवणानंतर तासभर आडवे. 1955 मध्ये निष्कर्ष छापून आले: हिंडणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही. अर्थात ती ताजी कावीळ होती, बहुतेकांची बरी होणारी. सिऱ्होसिसला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

सिऱ्होसिसमध्ये भीती वेगळी होती. 1952 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना दिसलं, की नायट्रोजनयुक्त पदार्थ दिल्यावर काही रुग्णांची शुद्ध हरपू लागते. प्रथिनांतून अमोनिया तयार होतो, तो आजारी लिव्हरला आवरत नाही. झालं, पुढची कित्येक वर्षं रुग्णांच्या ताटातली डाळ, अंडी, मांस कमी होत गेलं. पण लिव्हर थकलं की अमोनियाचा बराच भार स्नायू उचलतात. ताट कापलं की तेच झिजतात! 2004 मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी शुद्ध हरपलेल्या रुग्णांनाच दोन गटांत विभागलं. नेहमीइतकी प्रथिनं मिळालेल्यांची तब्येत जास्त बिघडली नाही. कमी मिळालेल्यांच्या अंगातली प्रथिनं मात्र जास्त मोडली. आता वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं घ्या असं सांगतात.

व्यायामाचंही तसंच. 1996 मध्ये दिसलं, की सायकल मारताना लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो. म्हणून सगळे घाबरले. 2017 मध्ये स्पेनमधल्या जाड्या सिऱ्होसिस रुग्णांनी सोळा आठवडे देखरेखीखाली व्यायाम आणि आहार सांभाळला, तेव्हा बऱ्याच जणांचा तोच दाब उतरला.

नाशिकच्या डॉक्टरांनी काकाला पहिली गोष्ट सांगितली ती झोपण्याआधी खाण्याची. सिऱ्होसिसमध्ये लिव्हरात साखरेचा साठा उरत नाही, त्यामुळे रात्रभर पोट रिकामं राहिलं तरी शरीर स्नायू मोडून खातं. आता रात्री नऊला काकू नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढते. सकाळी काका फाट्यापर्यंत चालत जातो. वाटेत दोनदा बसतो. पाण्याचा हंडा मात्र उचलत नाही. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात, म्हणून डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केलीय. त्यावरून काकूशी रोज भांडण होतं.