काडी, वायू आणि व्याख्या

माझे वडील एका नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात होते. मॅनहोलचे झाकण उघडले की ते पेटती काडी आत टाकीत. विझली तर थांबायचे, जळत राहिली तर उतरायचे. हे शास्त्र त्यांना कोणत्याही साहेबाने शिकविले नव्हते. खात्याकडून मिळे ती दोरी आणि बादली.

काडीने प्राणवायूचा अंदाज येतो. मिथेन असेल तर भडकाही उडतो. हायड्रोजन सल्फाइडचा मात्र पत्ता लागत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. गाळ ढवळला की एकदम सुटतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस पुढे सरकतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. रसायनशास्त्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कायद्याला केव्हा कळले?

मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ साली मलकानी समिती. भर होता डोक्यावरची मैल्याची पाटी उतरविण्यावर. तेही व्हायला हवेच होते. १९९३ चा कायदा आला, अंमलात यायला १९९७ उजाडले. त्याचाही रोख कोरड्या संडासावर. वडिलांनी संडास नव्हे, गटार उपसले. म्हणून या कायद्याच्या लेखी ते कोणीच नव्हते!

२०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँक विचारात घेतले. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. पण त्याच्याच व्याख्येत एक खुलासा आहे: सरकारने ठरविलेली साधने व संरक्षक पोशाख वापरून मैला साफ करणारा 'हाताने मैला साफ करणारा' समजला जाणार नाही. म्हणजे मुखवटा चढविला की माणूस व्याख्येबाहेर. काम तेच, वस्ती तीच, जातही तीच. विज्ञानाने माणसाला गटारातून बाहेर काढायचे, तर येथे विज्ञानाच्या नावाने त्याला फक्त कायद्यातून बाहेर काढले. माझ्या मते हा निष्काळजीपणा नव्हे, व्यवस्थेची जुनी सवय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंसाठी प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही भरपाई ३० लाख केली. वायू मोजणारे यंत्र याच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. वडिलांच्या खिशात निवृत्तीच्या दिवसापर्यंत काडेपेटीच होती.