परसातला अनोळखी पाहुणा

मृगाचा पाऊस पडून आठवडा लोटला, की परसातली काळी माती हिरवी होऊ लागते. आपण टोबलेली भेंडी, वाल, चवळी वर येते आणि तिच्याबरोबर न पेरलेली कितीतरी रोपंही डोकं वर काढतात. तरोटा आपण ओळखतो, कोवळा असताना खुडून त्याची भाजी करतो. काटेमाठही ओळखीचा. पण एखादं रोप असं निघतं, की घरात कुणालाच त्याचं नाव सांगता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "असू द्या, फुलं आल्यावर पाहू." वाचकहो, हे 'फुलं आल्यावर पाहू' किती महागात पडतं, त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

इतिहास शिकवणाऱ्याने गवताविषयी काय बोलावं, असं आपल्याला वाटेल. परंतु माणसांप्रमाणे झाडंही प्रवास करतात आणि त्या प्रवासाच्या तारखा शोधता येतात. आपल्या जेवणातली मिरची मूळची अमेरिका खंडातली. खरचटलं की जिचा पाला आपण चोळून लावतो, ती एकदांडी म्हणजे दगडीपालाही तिकडचाच. पिवळा धोत्रा मेक्सिकोचा. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं, तर अंगाला सूज येते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीने लोक दगावले. तेव्हा पाहुणा कोण, कुठला, हे विचारणं काही रिकामपणचा उद्योग नव्हे.

आता मुख्य गोष्ट. पुण्यात १९५१ साली प्रा. परांजपे यांना उकिरड्यावर एक अपरिचित झुडूप दिसलं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ नोंदवतात. पानं गाजरासारखी कातरलेली, फुलोरा बारीक आणि पांढरा. पुढे १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात त्याचं शास्त्रीय नाव छापलं: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हेच आपलं गाजरगवत. लोकांनी त्याला आणखीही नावं दिली. चांदणीसारख्या फुलांमुळे कुणी चटकचांदणी म्हटलं, कुणी काँग्रेस गवत म्हटलं.

हे आलं कसं? सगळे सांगतात, अमेरिकेच्या 'पीएल ४८०' गव्हातून. पण इथे जरा तारखा ताडून पाहू. तो कायदा अमेरिकेत झाला जुलै १९५४ मध्ये आणि भारताशी त्याखाली पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्याचं झुडूप तर त्याआधीच दिसलेलं! म्हणजे पहिलं बी त्या करारातल्या गव्हातून आलं, हे जुळत नाही. परदेशी धान्य मात्र त्याआधीही येत होतं. १९५१ सालीच अमेरिकेकडून कर्जाऊ धान्य आलं होतं. तेव्हा धान्यावरचा संशय उरतो, नाव मात्र चुकीच्या कराराला चिकटलं. त्यातही गंमत अशी, की कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीत या झाडाचं नाव आढळतं, हे २०१० साली दाखवून देण्यात आलं. लोकांच्या तोंडची गोष्ट टाकून द्यायची नसते, पण तारखेच्या कसोटीवर घासल्याशिवाय वर्गात सांगायचीही नसते.

उकिरड्यावरची ती मोजकी झुडपं एका माणसाने सकाळभरात उपटली असती. पण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर ते देशभर गेलं. विदर्भातले धुरे, पडीत जमिनी, शाळांची मैदानं त्याने व्यापली. ते निंदणाऱ्यांच्या हातांना, मानेला खाज सुटून कातडी जाड होऊ लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी या त्वचारोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. परागांनी दम्याचा त्रास वाढतो तो वेगळाच. शेवटी १९८३ साली मेक्सिकोतूनच त्याची पानं खाणारा भुंगेरा बंगळूरला आणावा लागला. पावसाळ्यात तो बरंच काम करतो, पण गवत संपलेलं नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. अनोळखी रोप दिसलं, की आधी गावातल्या जाणत्या म्हातारीला विचारा. तिलाही ठाऊक नसेल, तर एक रोप मुळासकट काढा, हाताला कापड किंवा पिशवी गुंडाळून. शक्य तर फुलासह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख लिहा. नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा जवळच्या महाविद्यालयात ते दाखवता येतं. उगेमुगे यांनी १९८६ साली नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहून ठेवला आहे. त्याच्याशी ताडून पाहता येतं. बाकीची अनोळखी रोपं नाव कळेपर्यंत बी धरू देऊ नका. आणि ते गाजरगवतच निघालं, तर पानांचं चक्र जमिनीला टेकलेलं असताना, ओल्या मातीतून, मुळासकट उपटा. वरून कापलंत तर ते पुन्हा फुटतं.

ती चिठ्ठी मात्र जपून ठेवा. उद्या एखादं नवं झाड जिल्हाभर पसरलं, तर ते पहिल्यांदा कुठे आणि केव्हा दिसलं, याचा लेखी पुरावा कदाचित तुमच्याच शाळेच्या कपाटात सापडेल.