कोरड्या जिल्ह्यातली बाटली

चंद्रपूरला जाऊन आलो म्हटले, की लोक एकच विचारतात, "वाघ दिसला?" मला दिसला तो तिळाहून लहान किडा. आमचे एक प्राध्यापक स्नेही आलापल्लीला सागाखालचा ओला पाचोळा पिशवीत भरत होते, त्यातून तो टुणकन उडाला. पोटाखाली दुमडलेला चिमटा सोडून उडतो, म्हणून हा स्प्रिंगटेल.

१८७३ साली त्याच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला तो जॉन लबक या लंडनच्या बँकवाल्याने. याच गृहस्थांनी १८७१ मध्ये कायदा करून इंग्रजांना बँकेची सुट्टी मिळवून दिली. सुट्टीत आपण झोपतो, हे किडे बघत! १९०५ मध्ये बेर्लेसे या इटालियनाने युक्ती काढली. नरसाळ्यात पाचोळा ठेवून ऊब द्यायची. वरून पाचोळा वाळू लागला, की किडे ओल शोधत खाली सरकतात आणि थेट अल्कोहोलच्या बाटलीत पडतात.

आता गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. एस.टी.त शेजारच्या आजोबांनी बाटली हेरली.

"का हाये जी हे?"

"किडे आहेत, बाबाजी."

"अन् पानी?"

"ते पाणी नाही," प्राध्यापक हळूच म्हणाले.

"बापा! मानसायले बंदी अन् किड्यायले सूट!"

पण अल्कोहोलपेक्षा मोलाची असते आतली चिठ्ठी. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. तेही पेन्सिलीने, कारण साधी शाई अल्कोहोलात विरघळते. चिठ्ठी हरवली, की किडा अनाथ. प्राध्यापकांच्या कपाटात त्यांच्या गुरुजींची एक बाटली आहे : 'आलापल्ली, जि. चंद्रपूर, १९७८'. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि बाटलीतल्या बाटलीत किड्यांचा जिल्हा बदलला.

"मग चिठ्ठी दुरुस्त करा की," मी म्हणालो.

प्राध्यापक दचकलेच. "जुनी चिठ्ठी खोडायची नसते. नवी लिहून शेजारी ठेवायची. गुरुजींचे अक्षर आहे ते!"

घरी येऊन आमचा जुना अल्बम काढला. निम्मी माणसे ओळखू येईनात. टोपीवाले ते कोण? नऊवारीतल्या त्या कुणाच्या कोण? मागे कोणी अक्षर लिहिलेले नाही. किड्यांची नावनिशी नीट, आणि आमचे पूर्वज मात्र अनाथ!

ती माणसे ओळखणारी आता एकच काकू उरली आहे. वय ब्याऐंशी. अल्बम काखेत मारून तिच्याकडे निघालो आहे. पेन्सिलीला टोक करून घेतले आहे.