कुराण ग्रंथरूपाला कसे आले?

कुराण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापडात जपून बांधलेला ग्रंथ उभा राहतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘पठण’ असा आहे. ग्रंथ होण्याआधी कुराण माणसांच्या मुखात होते, आणि पोथीत उतरले ते एका मोठ्या धास्तीपोटी. मुसलमानांच्या परंपरेने जपलेली ती हकिगत आज पाहू या.

इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत महंमद पैगंबरांना जिब्रील या देवदूतामार्फत ईश्वरी वाणी प्रथम ऐकू आली, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. ६३२ साली पैगंबर निवर्तले, तोवर ती थोडी थोडी येत राहिली. ऐकणारे ती पाठ करीत. कोणी झावळीच्या दांड्यावर, चामड्यावर, पसरट दगडावर, जनावराच्या रुंद हाडावर टिपूनही ठेवी.

या वाणीत सांगितले तरी काय? ईश्वर एक आहे, त्याला कोणी भागीदार नाही, हा तिचा गाभा. शिवाय देवदूत, पूर्वीचे धर्मग्रंथ, इब्राहीम, मूसा, ईसा आदी पैगंबर आणि न्यायाचा अंतिम दिवस यांवर विश्वास. आचरणाची अंगे पाच: श्रद्धेची ग्वाही, रोज पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात, आणि ऐपत असेल त्याने जन्मात एकदा हज. जकात म्हटले की आपल्याला नाका आठवतो! इथे मात्र वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा, असा तिचा अर्थ.

शब्द ईश्वराचा, मग त्यातले अक्षरही हरवता कामा नये. पैगंबरांच्या मागे लवकरच यमामा येथे लढाई झाली आणि कुराण मुखोद्गत असलेले अनेकजण कामी आले. उमर यांच्या मनात धसका बसला. आणखी पाठक पडले तर? सगळे एकत्र लिहवून घ्या, असा आग्रह त्यांनी पहिले खलिफा अबू बक्र यांच्याकडे धरला. अबू बक्र कचरले. पैगंबरांनी जे केले नाही, ते आपण कसे करावे? अखेर त्यांना पटले, आणि काम आले झैद इब्न साबित या तरुण लेखनिकाकडे. त्यांनी तुकडा न् तुकडा गोळा केला, पाठकांच्या तोंडून ऐकला. ती पाने पुढे उमर यांची कन्या आणि पैगंबरांची पत्नी हफ्सा यांच्यापाशी राहिली.

राज्य पसरले तशी नवी अडचण आली. आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेत निरनिराळ्या प्रांतांचे सैनिक पठणातल्या फरकांवरून भांडू लागले. तेव्हा ६५० च्या सुमारास तिसरे खलिफा उस्मान यांनी हफ्सांकडची पाने आणवून प्रती करविल्या, मोठ्या शहरांना धाडल्या आणि इतर लिखाणे जाळायला सांगितली. एकीसाठी मोजलेली ही किंमत लहान नव्हे.

पण गंमत पहा. त्या काळच्या अरबी लिपीत बहुधा नुक्ते नसत, ऱ्हस्व स्वरही लिहीत नसत. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचून भागत नसे. गुरुमुखातून ऐकावेच लागे. आजही ११४ अध्याय मुखोद्गत करणाऱ्याला हाफिज म्हणून मान मिळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वेदांची घनपाठी परंपरा आपल्या परिचयाची आहे. वर्गात इस्लामचा धडा शिकवताना सनावळीच्या आधी ही पाठांतराची गोष्ट सांगा. शेजाऱ्याच्या घरून येणारे पठणाचे सूर मुलांना मग परके वाटणार नाहीत.